विजेच्या तारेचा भरंवसा

भरंवसा हा शब्द दोन पक्षांवांचून संभवत नाहीं. सावकाराचा कुळावर भरंवसा असतो, उतारूचा नावाड्यावर असतो, कुणब्याचा मृगाच्या पावसावर असतो. भरंवसा ठेवणारा एक आणि ज्यावर तो ठेवावयाचा तो दुसरा, असें हें जोडपें आहे. ह्यांपैकीं दुसऱ्यानेंच "मी भरंवशाचा आहें" असें आपलें आपण लिहून दिलें, तर त्या लेखास व्यवहारांत कोणी किंमत देत नाहीं. तथापि विजेच्या तारांच्या बाबतींत गेलीं कित्येक वर्षें नेमकें हेंच चाललें आहे, असें आम्हांस वाटतें. तार उभारणाराच तिच्या भरंवशाची मोजणी करतो. तिच्या टोकाशीं मोटारीची कळ हातीं धरून बसलेला मनुष्य त्या मोजणींत क्वचितच येतो. महाराष्ट्रांत डोक्यावरून जाणाऱ्या उघड्या तारांनीं वीज दूरवर वाहून नेण्यास प्रारंभ झाला, त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. एवढ्या काळांत ही तार कितपत विश्वासास पात्र आहे हा प्रश्न कोणीं विचारला, केव्हां विचारला आणि कोठें उभें राहून विचारला, ह्याचा थोडासा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विचार करतांना पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांतील निरवांगी हें गांव आम्हीं दृष्टीपुढें ठेविलें आहे. तेथें कांहीं विलक्षण घडलें म्हणून नव्हे. उलट त्याची जी स्थिति तीच बारामती-इंदापुराकडील कोणत्याही नदीकांठच्या गांवाची, म्हणूनच. निरवांगी नीरा नदीच्या डाव्या तीरावर आहे. पलतीरीं सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो, आणि नीरा पुढें पूर्वेकडे वाहत जाऊन नरसिंगपुराजवळ भीमेस मिळते. ह्या दोन नद्यांच्या बेचक्यांतील मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडल्यामुळें पूर्वापार अवर्षणाचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या वेळीं लोकांस काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचें खोदकाम हातीं घेण्यांत आलें, आणि १८८५ च्या सुमारास त्यास पाणी सुटलें. पुरंदर, बारामती असें करीत हा कालवा शेवटीं इंदापुरांत येतो. म्हणून 'टेल' हा इंग्रजी शब्द इकडील शेतकऱ्याच्या तोंडीं घरच्यासारखा बसला आहे. टेलचा शेतकरी म्हणजे वरच्यांनीं घेऊन जें पाणी उरेल त्याचा धनी. कालव्याच्या मुखाशीं किती पाणी सोडलें ह्याची नोंद कचेरींत होई. टेलला किती पोंचलें ह्याची नोंद त्याच्या उभ्या किंवा वाळल्या पिकांत होई. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं ह्याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धति आणली. तिचें मर्म असें कीं, ठराविक क्षेत्रास ठराविक पाण्याची हमी आगाऊ असावी, म्हणजे शेतकऱ्यास आपल्या पिकाचा बेत करतां येईल. पाण्याच्या बाबतींत ह्या मुलखास जो धडा तेव्हां मिळाला, तो विजेच्या बाबतींत अद्याप मिळावयाचा आहे, हें पुढें दिसून येईल.

आतां तारेकडे वळूं. जमशेटजी टाटा यांच्या हयातींत मनांत घोळलेली आणि त्यांच्या पश्चात् १९१० सालीं कंपनीच्या रूपानें उभी राहिलेली जलविद्युत् योजना ही आपल्याकडील दूरवाहक तारेची जननी होय. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस आणून त्यावर यंत्रें फिरवावयाचीं, आणि निपजलेली वीज पोलादी मनोऱ्यांवरून मुंबईस परळापर्यंत न्यावयाची, असा तो घाट होता. १९१५ सालीं ही वीज मुंबईस पोंचली. तारेंतील दाब एक लक्ष व्होल्टचा होता, आणि त्या काळीं एवढ्या दाबाच्या वाहिन्या जगांतही थोड्याच होत्या. ही वीज घेणार कोण, तर मुंबईचे गिरणीवाले. त्यांच्यापाशीं स्वतःचीं वाफेचीं एंजिनें होतीं. घांट उतरून येणाऱ्या, चार महिने पावसांत भिजणाऱ्या आणि आभाळांतील विजेच्या तडाख्यांत सांपडणाऱ्या तारेवर आपला धंदा टांगावा कीं काय, ही शंका त्यांस येणें साहजिक होतें. तार तासभर बंद पडली तर किती चात्या थांबल्या, किती मजुरी अंगावर पडली, हें गिरणीच्या कारकुनास आणेपैसहित सांगतां येई. कंपनीस गिऱ्हाईक हवें होतें, आणि गिऱ्हाइकापाशीं दुसरा मार्ग मोकळा होता. म्हणून तारेचा भरंवसा ही देणाराची मेहरबानी न राहतां घेणाराची अट झाली. पुढें १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा हीं विद्युत्गृहें सुरू होऊन एकाच्या उणिवेस दुसऱ्याचा आधार मिळूं लागला. आपल्याकडील तारेच्या भरंवशाची पहिली कसोटी अशी घेणाराच्या दारांत झाली, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

ह्याच इतिहासास दुसरीही एक बाजू आहे. भिऱ्याचीं यंत्रें ज्या पाण्यावर फिरतात तें मुळशीच्या धरणाचें. त्या धरणापायीं ज्यांच्या वडिलोपार्जित भातजमिनी बुडत होत्या त्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला, आणि सेनापति बापट प्रभृतींनीं त्यासाठीं तुरुंगवास सोसला. धरण व्हावयाचें तें झालेंच. पाणी पुणें जिल्ह्याचें, जमीन मावळ्यांची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांची, अशी ही वांटणी झाली. तार कोणाच्या शब्दास मान देते, हें तेव्हांच ठरून गेलें होतें.

स्वराज्य आल्यावर हें पालटावें अशी इच्छा राज्यकर्त्यांची होती, ह्यांत संशय नाहीं. १९४८ च्या विद्युत् पुरवठा कायद्यान्वयें प्रांतोप्रांतीं विद्युत् मंडळें स्थापण्याचें ठरलें. १९५४ सालीं मुंबई राज्याचें मंडळ झालें, आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर २० जून १९६० पासून महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ अस्तित्वांत आलें. १९६२ सालीं कोयनेची वीज वाहूं लागली. १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरणासाठीं केंद्र सरकारनें स्वतंत्र महामंडळ काढलें, आणि खेड्याखेड्यांतून खांब रोवले जाऊं लागले. हें काम अल्प नव्हतें. शेंकडों मैल माळरान तुडवून, थोड्या पैशांत, थोड्या माणसांनीं तें केलें. परंतु त्याचें मोजमाप कसें झालें पहा. एखाद्या गांवाच्या शिवारांत कोणत्याही कामासाठीं वीज वापरली जात असली म्हणजे तें गांव विद्युतीकृत, अशी व्याख्या १९९७ पर्यंत चालू होती. शिवेवरच्या एका विहिरीवर मोटार बसली कीं गांव उजळलें! १९९७ सालीं 'शिवारांत' ह्याच्या जागीं 'वस्तींत' असें झालें, आणि २००४ सालीं निदान शेंकडा १० घरांत वीज असली पाहिजे ही अट आली. ह्या तिन्ही व्याख्यांत तार आहे कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे; तारेंत वीज किती वेळ असते हा प्रश्न कोठेंच नाहीं. गिरणीवाल्यानें १९१५ सालीं जें पहिल्या दिवशीं विचारलें, तें खेड्याच्या वतीनें पन्नास वर्षें कोणीं विचारलेंच नाहीं.

येथें ग्रामीण तारेच्या घडणीविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. उपकेंद्रांतून ११ किंवा २२ हजार व्होल्टची वाहिनी निघते. झाडाच्या फांद्यांप्रमाणें तिला फांटे फुटतात. प्रत्येक फांट्यावर जागोजागीं रोहित्र असतें, ज्यास गांवोगांव 'डीपी' म्हणतात. आणि डीपीपासून सुमारें सव्वाचारशें व्होल्टच्या तारा विहिरींपर्यंत आणि घरांपर्यंत जातात. वाहक तार ॲल्युमिनियमची, पोटांत पोलादी कणा असलेली. इंग्रज एंजिनियरांनीं ह्या तारांच्या जाडीस प्राण्यांचीं नांवें दिलीं: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. आपल्या माळावर बहुधा पहिल्या दोन-तीन जातींचे लहान प्राणीच नांदले, कारण जाड तार महाग. शहरांत मोठ्या वाहिन्यांस दोन बाजूंनीं पुरवठा असतो. एक तुटली तर दुसरीनें काम निभावतें. खेड्याची वाहिनी एकमार्गी, म्हणजे सांखळीसारखी. सांखळीचें गणित कठोर आहे. समजा, वाटेंत १०० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा शेंकडा ९९ भरंवशाचा आहे. एकेका सांध्याकडे पाहिलें तर दोष काढावयास जागा नाहीं. पण शंभरही सांधे एकाच वेळीं शाबूत असण्याचा संभव शेंकडा ३७ हूनही किंचित् कमी भरतो. अशाच दोन स्वतंत्र वाटा असल्या तर तोच संभव शेंकडा ६० च्या जवळ जातो. सारांश, वायरमन आळशी आहे किंवा माल हलका आहे म्हणूनच खेड्यांतील तार दगा देते असें नव्हे. तिची रचनाच अशी आहे कीं टेलच्या माणसास वरच्या सर्व सांध्यांच्या पापाचें फळ भोगावें लागावें.

त्यांत हा मुलूख उंसाचा. वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ह्याच तालुक्यांतील कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवून साखर कारखाना काढला, आणि पुढें भवानीनगरचा सहकारी कारखाना झाला. कालव्याच्या पाण्याच्या जोडीस विहिरी, नदी आणि १९८० नंतर उजनीचा फुगवटा ह्यांवर मोटारी बसल्या. १९५६ च्या वीज नियमांनीं रस्त्याखेरीज इतर जागीं ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर उंच असावी असें ठरविलें. जोंधळ्या-बाजरीच्या शेतांत ही उंची पुरेशी होती. परंतु जोमाचा ऊंस ३ ते ४ मीटरपर्यंत वाढतो. उन्हाळ्यांत तापून तार लांबते, खांब कलतो, ताण सैल पडतो आणि तारांस झोळ येतो. मग वैशाखांतल्या वळवाच्या वाऱ्यानें दोन तारा एकमेकींस लागल्या, कीं ठिणगी खालच्या वाळलेल्या पाचटावर पडते, आणि बारा-चौदा महिन्यांचें पीक घटकेंत जळतें. आरंभींच्या पावसांत धूळ बसलेल्या चिनी मातीच्या बुटक्यांवरून वीज निसटते; फांदी, खार, कावळा ह्यांचें निमित्त होतें. डीपीवर मंजुरीपेक्षां अधिक मोटारी चालल्या, कोणीं आकडे टाकले, तर तिच्यांतलें तेल तापून ती जळते. फ्यूज ही मुद्दाम ठेविलेली कच्ची कडी; तिनें वेळीं वितळून पुढचें संकट टाळावयाचें असतें. वारंवार फ्यूज जातो म्हणून शेतकरी तेथें जाड तार गुंडाळतो. त्यामुळें कच्ची कडी पक्की होते, आणि जो दोष एका विहिरीपुरता राहावयाचा तो डीपीस किंवा साऱ्या वाहिनीस भोंवतो.

ही सारी घालमेल कोणाच्या वहींत उतरली? बहुतांशीं कोणाच्याच नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत शेतीपंपांस मीटराऐवजीं अश्वशक्तीवर ठोक आकार लावण्याची पद्धति महाराष्ट्रांत आणि इतर प्रांतांतही रूढ झाली. शेतकऱ्यास ती सोयीची वाटली, मंडळासही वाटली. परंतु मीटर गेला त्याबरोबर टेलपाशीं होणारी एकुलती एक नोंदही गेली. किती युनिट पोंचले हें कळेना, तेव्हां किती तास पोंचले नाहींत हें कोठून कळणार? १९९९ सालीं राज्यांत वीज नियामक आयोग आला, आणि २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीच्या वेळीं असें उघड झालें कीं, मंडळ जी गळती सांगत असे तिच्यापेक्षां खरी गळती पुष्कळच अधिक होती, आणि मधला फरक मीटर नसलेल्या पंपांच्या नांवावर पडत आला होता. म्हणजे जी वीज शेतकऱ्याच्या मोटारीपर्यंत कधीं आलीच नाहीं, तिचा कांहीं भाग त्याच्या खात्यावर जमा होता! मोजमापाच्या अभावीं माणूस अदृश्य होतो एवढेंच नव्हे, तर दुसऱ्याच्या हिशेबाची खोट भरून काढण्याची जागाही होतो, हा धडा ह्या प्रकरणांतून घेण्यासारखा आहे.

२००३ सालीं नवा विद्युत् कायदा झाला. त्याच्या ५७ व्या कलमानें सेवेचीं प्रमाणें ठरविण्याचें काम आयोगाकडे आलें, आणि तीं मोडल्यास ग्राहकास भरपाईचा हक्क मिळाला. ६ जून २००५ रोजीं जुन्या मंडळाच्या कंपन्या झाल्या. वितरणाचें काम महावितरणकडे आलें. त्याच सुमारास अमेरिकन एंजिनियरांच्या संस्थेनें सिद्ध केलेले निर्देशांक आपल्याकडे रूढ झाले. पुरवठा तुटण्याच्या प्रसंगास आपण 'खंड' म्हणूं. वर्षभरांत एका ग्राहकाच्या वांट्यास सरासरी किती खंड आले ह्याचा आंकडा म्हणजे 'सैफी', आणि सरासरी किती वेळ वीज नव्हती ह्याचा आंकडा म्हणजे 'सैदी'. कल्पना उत्तम आहे. पण सरासरीच्या पोटांत काय काय दडतें तें पहा. एका वाहिनीवर १००० ग्राहक आहेत असें समजूं. तिच्यावरील एक डीपी जळाली, आणि त्या डीपीवरचे २० ग्राहक १० दिवस विजेवांचून राहिले. ह्या २० जणांस २४० तास वीज नव्हती; वाहिनीच्या सरासरींत मात्र केवळ ४ तास ४८ मिनिटांची भर पडते, आणि खंडांच्या संख्येंत तर एक पन्नासांशाची. ही भरही केव्हां, तर डीपीखालच्या घटनेची कोणीं नोंद केली तर! उपकेंद्रांतील कळ पडली तरच खंड झाला असें धरलें, तर ह्या दहा दिवसांचें मोल शून्य. ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, देशांतील अनेक राज्यांच्या आयोगांनीं हे निर्देशांक काढतांना मुख्यत्वें शेतीस वीज देणाऱ्या वाहिन्या वगळाव्या, असें नियमांतच लिहून ठेविलें. ज्या तारेचा भरंवसा सर्वांत थोडा ती परीक्षेस बसविलीच नाहीं. मग निकाल चांगला लागला तर नवल कसलें? केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनींही सर्वांस चोवीस तास वीज देण्याचें बंधन घातलें, पण शेतीसारख्या वर्गास आयोगानें कमी तास ठरवावे ही मोकळीक त्याच वाक्यापाठोपाठ ठेविली.

निर्देशांकांत न येणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, दाब. १९५६ च्या नियमांप्रमाणें कमी दाबाच्या पुरवठ्यांत शेंकडा ६ पेक्षां अधिक चढउतार असूं नये. लांब तारेच्या शेवटीं, सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या असतां, तो किती उतरतो हें मोटारीचा आवाज सांगतो; ती नुसती घुमते, फिरत नाहीं, आणि अखेर जळते. कागदावर हा पुरवठा अखंड. दुसरी, वेळ. शेतीच्या वाहिन्यांस अनेक वर्षें दिवसा ८ तास किंवा रात्रीं १० तास अशी पाळी होती. रात्रीं दारें धरावयास जाणाराच्या वाटेंत साप असतात, विंचू असतात, आणि अंधारांत ओली कळ असते. त्या पाळींत मध्येंच अर्धा तास वीज गेली तर नुकसान अर्ध्या तासाचें नसतें. पाटांतलें आणि सरींतलें पाणी जिरून जातें, आणि वीज आल्यावर तीच कोरडी वाट पुन्हां भिजवीत शेवटच्या सरीपर्यंत जावें लागतें. पाळी संपते आणि टोकाच्या सऱ्या तशाच राहतात. तिसरी गोष्ट प्राणांची आहे. तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली तर जमिनींत पुरेसा प्रवाह उतरत नाहीं. त्यामुळें उपकेंद्रांतील रक्षक कळ कित्येकदां पडतच नाहीं, आणि पडलेली तार जिवंत राहते. पहांटे बैल घेऊन जाणारा तीवर पाय देतो. त्या घटकेस उपकेंद्राच्या वहींत खंड नाहीं! आमच्या मतें, अविश्वसनीय तार ही केवळ गैरसोय नव्हे हें सांगण्यास ह्याहून दुसरें प्रमाण नको.

कोणी म्हणेल कीं मोठें जाळें सुरक्षित आहे ना, मग शेवटच्या दोन-तीन मैलांचें एवढें काय? ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर हिंदुस्थानचें जाळें कोसळलें; दुसऱ्या दिवशीं तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तिन्ही विभाग अंधारांत गेले. पश्चिम विभाग त्यांतून वांचला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई आणि तिचीं उपनगरें बंद पडलीं, आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. कांहीं तासांत वीज परतूं लागली आणि पाठोपाठ चौकशीच्या समित्या नेमल्या गेल्या. समित्या नेमल्या हें योग्यच झालें. मुंबईची ती सकाळ विलक्षण होती म्हणून तिची चौकशी झाली. माळावरच्या डीपीचे दहा दिवस नेहमींचे म्हणून त्यांची होत नाहीं. परंतु ज्या दुःखाची संवय झाली आहे त्याचेंच मोजमाप अधिक अगत्यानें केलें पाहिजे, कारण तें स्वतः होऊन कोणाच्या कानीं पडत नाहीं.

वितरण करणाराची बाजूही ऐकली पाहिजे. महावितरणच्या डोक्यावर सुमारें तीन कोटी ग्राहक आहेत, त्यांत चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप. शेतीची वाहिनी लांब, तीवरील ग्राहक विरळ, थकबाकी मोठी, आकडे टाकणारे आणि फ्यूजांत तार गुंडाळणारे ग्राहकच. मग परळच्या गिरणीसारखी सेवा निरवांगीच्या विहिरीस कशी द्यावी? शिवाय २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस सरकारनें वीजबिलच माफ केलें आहे. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु सेवा सारखी द्या असें आम्ही म्हणत नाहीं. मोजणी सारखी करा एवढेंच म्हणतों. मोजलें म्हणजे वचन दिलें असें होत नाहीं. पण मोजल्यावांचून दिलेलें वचन हें वचनच नव्हे. माफीविषयीं म्हणाल तर तींत एक धोका आहे. धर्माच्या गाईचे दात मोजूं नयेत असें लोक म्हणतात. ज्यानें दाम दिला नाहीं त्यास दोष काढण्याचा अधिकार नाहीं, ही समजूत एकदां रुजली म्हणजे शेतकरी ग्राहक न राहतां आश्रित होतो. ठोक आकारानें त्याचा मीटर नेला. माफीनें त्याची तक्रार नेऊं नये.

गेल्या कांहीं वर्षांत सुधारणेचे प्रयत्न झाले आहेत आणि ते स्तुत्य आहेत. २०१८ पासून एकेका किंवा दोन पंपांस स्वतंत्र लहान रोहित्र देण्याची उच्चदाब पद्धति आली. ११ हजार व्होल्टच्या तारेंत तीच शक्ति सुमारें २६ पट कमी प्रवाहानें जाते, म्हणून दाब टिकतो. आणि रोहित्र आपलें स्वतःचें असल्यामुळें त्यावर आकडा टाकूं देण्यास कोणी राजी नसतो. शेतीच्या वाहिन्यांस दिवसा सौर वीज देण्याची योजना २०१७ सालीं निघाली आणि २०२३ पासून तिला वेग आला. तिनें रात्रीची पाळी चुकली तर तो मोठाच लाभ होय. पण सूर्याची वीजही त्याच झोळ पडलेल्या तारेवरून आणि त्याच डीपींतून विहिरीवर यावयाची. उगम पालटला, वाट तीच आहे. केंद्राच्या २०२१ च्या योजनेंत वाहिन्यांवर, रोहित्रांवर आणि घरोघर नवे मीटर बसवावयाचे ठरलें. शेतीच्या जोडण्या मात्र तींतून वगळल्या. ह्या उलट पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटानें २०१० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या ठिकाणीं ग्राहकांच्या जागीं लहानशीं यंत्रें बसवून मिनिटामिनिटाचा दाब टिपला, आणि तो सर्वांस पाहण्यास खुला केला. यंत्र लहान होतें. पण मोजणाराची जागा बदलली, हें त्याचें महत्त्व. १९१५ नंतर तारेची परीक्षा पुन्हां घेणाराच्या दारांत आली.

ही गोष्ट प्रत्येक गांवास करतां येण्यासारखी आहे. गांवांतील प्रत्येक डीपीची एक वही ग्रामपंचायतींत असावी. वीज केव्हां आली, केव्हां गेली, दाब किती होता, फ्यूज कितीदां गेला, डीपी जळाल्यापासून नवी येईपर्यंत किती दिवस लोटले, कोठें तारेस झोळ आहे, एवढ्याच नोंदी तींत व्हाव्या, आणि महिन्याच्या महिन्यास त्या चावडीवर लागाव्या. हें सारें गांवच्या वायरमनास तोंडपाठ असतें, परंतु त्याची बदली झाली कीं तें ज्ञानही त्याच्याबरोबर जातें. वहीवर त्याची आणि दोन शेतकऱ्यांची सही असली म्हणजे ती कोणाच्या विरुद्ध न राहतां दोघांच्या उपयोगी पडेल. आकडे टाकणाराची नोंदही तींत यावी, म्हणजे दोषाचा वांटा ज्याचा त्यास मिळेल. आणि आयोगानें वार्षिक निर्देशांक काढतांना सरासरीबरोबर सर्वांत वाईट डीपीचाही आंकडा छापण्यास लावावें.

इंदापूर तालुक्यास हा विचार परका वाटूं नये. कालव्याचें पाणी शेंपटाकडून तोंडाकडे, म्हणजे प्रथम टेलला द्यावें, हा नियम आपल्या पाटबंधाऱ्यांच्या कारभारांत मान्य झालेला आहे, कारण टेलला पाणी पोंचलें म्हणजे मधल्या सर्वांस तें पोंचलें हें वेगळें सिद्ध करावें लागत नाहीं. तारेच्या भरंवशाचेंही तसेंच आहे. उपकेंद्रापाशीं उभें राहून तार पाहिली तर ती बहुधा चांगलीच दिसेल. शेवटच्या डीपीवरच्या शेवटच्या विहिरीपाशीं उभें राहून ती पाहावी, आणि तेथें जो आंकडा मिळेल तोच तिचा खरा भरंवसा म्हणून लिहावा.